क्लोराइड कधी सुटतो

पीएचडी कशात करतेस असं कुणी विचारलं आणि मी रुथेनियम या धातूचं नाव घेतलं, की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "म्हणजे कॅन्सरवर औषध काढताय का?" माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात 'उत्प्रेरक' आणि 'कर्करोगरोधी' हे दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. या दोन शब्दांच्या मध्ये नेमकं काय काम चालतं आणि सोलापुरातल्या साध्या लॅबमध्ये ते कसं करावं लागतं, हे सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. एमएस्सी होऊन या विषयाकडे वळणाऱ्या मुलामुलींनाही मी हेच सांगते, की कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूला इतर रेणू जोडलेलं संयुग, बनवून बाटलीत भरलं म्हणजे काम संपलं असं नाही. त्यातला क्लोराइड कधी, कुठे आणि कशामुळे सुटतो हे शोधायला लागलं की खरं काम सुरू होतं.

माझ्या कॉम्प्लेक्सची रचना तशी सोपी. मधोमध रुथेनियम, वरच्या बाजूला त्यावर सपाट बसलेली पॅरा-सायमीनची कडी, आणि खालच्या बाजूला तीन जागा. त्यातल्या दोन जागा शिफ बेस या सेंद्रिय रेणूच्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनने धरलेल्या, तिसऱ्या जागेवर क्लोराइड. सायमीन सहजासहजी सुटत नाही, शिफ बेसची दोन टोकांची पकडही घट्ट. क्लोराइड मात्र सैल. उत्प्रेरक म्हणून हे संयुग चालतं ते त्या एका सैल जागेमुळे, आणि पेशीत काही करत असेल तर तेही तिच्यामुळेच.

सुरुवात रुथेनियम ट्रायक्लोराइडपासून होते. ही काळी पूड हवेतलं पाणी ओढून घेते, त्यामुळे वजन करताना हात चालवावा लागतो. महागही इतकी, की बटर पेपरला चिकटलेले कणसुद्धा इथेनॉलने धुऊन फ्लास्कमध्ये घ्यायचे. त्यात अल्फा-फेलँड्रिन घालून नायट्रोजनखाली चार तास रिफ्लक्स करायचं, म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळत ठेवायचं. फेलँड्रिन हे निलगिरीच्या काही जातींच्या तेलात सापडणारं टर्पीन. या क्रियेत त्याचे दोन हायड्रोजन जातात आणि त्याचं पॅरा-सायमीन होतं, तर रुथेनियम तीन-धन अवस्थेतून दोन-धन अवस्थेत येतो. म्हणजे फेलँड्रिनच धातूचं क्षपण करतं आणि स्वतः बदलून त्याच धातूवर जाऊन बसतं. आपल्या ओव्याच्या तेलात थायमॉलच्या जोडीला हाच पॅरा-सायमीन असतो, हे कळल्यावर मला त्या फ्लास्कबद्दल उगाचच आपुलकी वाटायला लागली. फ्लास्क थंड झाला की तळाशी लालसर नारिंगी स्फटिक बसतात. हा डायमर. दोन रुथेनियम, आणि त्यांना जोडणारे क्लोराइडचे पूल.

'चार तास रिफ्लक्स' हे प्रोसिजरमध्ये अर्ध्या ओळीत लिहिलेलं असतं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. कंडेन्सरसाठी चार तास नळ सोडून ते पाणी बेसिनमध्ये जाऊ देणं आम्हाला जमत नाही, आणि घरी पिंप भरून ठेवणाऱ्या माणसाच्या मनालाही ते पटत नाही. त्यामुळे आमच्याकडे एक मोठी बादली, त्यात कूलरचा छोटा पंप, आणि बर्फाच्या पिशव्या. पाणी पंपाने वर चढतं, कंडेन्सरमधून फिरतं, पुन्हा बादलीत येतं. थंडीत हे छान चालतं. एप्रिल-मेमध्ये बादली बघता बघता कोमट होते आणि कंडेन्सरच्या तोंडाशी इथेनॉलचा वास यायला लागला की समजायचं, बर्फ बदलायची वेळ झाली. लाइट जाण्याची भीती असतेच, म्हणून रिफ्लक्स लावला की कुणीतरी एकजण जागेवरून हलत नाही. जेवणाचा डबाही तिथेच, दाराजवळच्या खुर्चीवर बसून.

शिफ बेस करणं हा त्या मानाने आनंदाचा भाग. सॅलिसिलअल्डिहाइड आणि पॅरा-टोल्युइडिन इथेनॉलमध्ये एकत्र केले, थेंबभर अॅसेटिक अॅसिड घातलं, की थोड्या वेळात पिवळी सुई-सुई स्फटिकं फ्लास्क भरून टाकतात. ह्यूगो शिफने १८६४ मध्ये सांगितलेली ही क्रिया आजही तितकीच बिनतक्रार चालते. मग हा लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) मिथेनॉलमध्ये घेऊन, ट्रायएथिलअमीनने त्याचा फिनॉलचा प्रोटॉन काढून, डायमरशी ढवळत ठेवायचा. नारिंगी रंग गडद होत तांबूस-तपकिरी होतो. पूल तुटतात आणि प्रत्येक रुथेनियमला आपापला शिफ बेस मिळतो.

रंग बदलला म्हणजे हवं तेच झालं असं मात्र नाही. त्यासाठी एनएमआर, म्हणजे रेणूतले प्रोटॉन कुठे कसे बसलेत ते दाखवणारी तपासणी लागते, आणि नमुना बाहेर पाठवावा लागतो. कुपीवर नंबर टाकायचा, फॉर्म भरायचा, आणि मेलची वाट बघायची. माझ्या पहिल्या चांगल्या स्पेक्ट्रमची प्रिंट मी अजून फाइलमध्ये जपून ठेवली आहे. लिगँडमध्ये १३ पीपीएमच्या (स्पेक्ट्रमवरच्या मोजपट्टीचं एकक) आसपास दिसणारा फिनॉलचा प्रोटॉन गायब, म्हणजे ऑक्सिजन धातूला जोडला गेला. इतकं तर अपेक्षित होतं. पण त्याहून बोलकी खूण ५ ते ६ पीपीएमच्या मधे होती. डायमरमध्ये सायमीनच्या कडीवरचे चार प्रोटॉन दोन-दोनच्या जोडीने येतात, म्हणून दोनच डब्लेट (जुळी पीकं) दिसतात. माझ्या स्पेक्ट्रममध्ये चार वेगवेगळे डब्लेट होते. सायमीनच्या शेपटीला असलेल्या आयसोप्रोपिलचे दोन मिथाइल गटही वेगवेगळे झाले होते. कारण रुथेनियमभोवती आता चार वेगळ्या गोष्टी होत्या: सायमीन, नायट्रोजन, ऑक्सिजन, क्लोराइड. म्हणजे धातूच कायरल (डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं असू शकणारं) केंद्र झाला होता, आणि त्याच्यापासून इतक्या लांब असलेल्या मिथाइललाही ते कळत होतं. पट्टीने एकेक पीक मोजत त्या दुपारी मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

स्फटिक वाढवणं हा वेगळाच विषय. डायक्लोरोमिथेनमध्ये कॉम्प्लेक्स विरघळवून त्यावर हेक्झेनचा थर अलगद सोडायचा आणि हात लावायचा नाही, ही नेहमीची रीत. डायक्लोरोमिथेन साधारण ४० अंशाला उकळतं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो. बाटलीचं झाकण उघडलं की फस्स आवाज येतो, थर लावेपर्यंत निम्मं द्रावक उडून जातं, आणि कुपीच्या भिंतीवर स्फटिकाऐवजी नुसती पापडी धरते. चांगले स्फटिक मला मिळाले ते जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या सुट्टीनंतर लॅब उघडली, तर कुपीच्या तळाला गडद लाल, धारदार कडांचे स्फटिक. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये स्फटिकांचं काम थंडीत आणि उत्प्रेरणाचं काम उन्हाळ्यात, अशी विभागणीच झाली आहे.

उत्प्रेरणासाठी मी घेतलेली क्रिया म्हणजे ट्रान्स्फर हायड्रोजनेशन. अॅसिटोफिनोन या कीटोनचं अल्कोहोल करायचं, पण त्यासाठी हायड्रोजन वायूचं सिलिंडर नको. हायड्रोजन देतो आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि देता देता स्वतः अॅसिटोन होतो. छोट्या लॅबसाठी ही क्रिया वरदान आहे, कारण उच्च दाबाची यंत्रणा लागत नाही. ८२ अंशाला रिफ्लक्स, थोडा पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि अगदी चिमूटभर कॉम्प्लेक्स. इथे क्लोराइड आधी सुटतो, त्याच्या जागी आयसोप्रोपॉक्साइड येतो, तो आपला हायड्रोजन धातूकडे सोपवून अॅसिटोन म्हणून निघून जातो. आता धातूवर हायड्राइड, म्हणजे ऋणभारित हायड्रोजन. तोच पुढे अॅसिटोफिनोनला मिळतो आणि जागा पुन्हा मोकळी. हे चक्र फिरत राहतं. जपानच्या र्‍योजी नोयोरी यांनी रुथेनियमच्याच कॉम्प्लेक्सनी हायड्रोजनेशन एकाच हाताचे, म्हणजे डाव्या-उजव्या रूपांपैकी एकच रूप असलेले, रेणू देईल इतकं नेमकं करून दाखवलं. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी.

जीसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) कीटोनचं पीक खाली जात अल्कोहोलचं वर येताना पाहणं समाधानाचं असतं. पण आमचे सर पहिला प्रश्न विचारतात तो ब्लँकचा. रुथेनियम न घालता नुसत्या हायड्रॉक्साइडने किती झालं? बेस न घालता किती झालं? डायमरनेच किती झालं असतं? हे तीन फ्लास्क मुख्य फ्लास्कच्या शेजारी लावल्याशिवाय सर आकडा वहीत लिहू देत नाहीत. माझ्या कॉम्प्लेक्सने जवळजवळ सगळा कीटोन बदलला, नुसत्या बेसने फारच थोडा. डायमरनेही बऱ्यापैकी काम केलं होतं, आणि तेही तितक्याच ठळकपणे प्रबंधात लिहिलं आहे.

याच सुमारास माझ्या आत्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तिचे उपचार झाले: रेडिएशन, आणि त्याच्या जोडीने ठराविक अंतराने सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध. जे संयुग मी वर्गात शिकवत होते, ते तिच्या हाताच्या शिरेतून जाताना मी बघितलं. तिला आधी बराच वेळ सलाईन लावायचे. ती वैतागून म्हणायची, "एवढं पाणी कशाला चढवतेत गं आधी? औषध द्यायचं तर देऊन टाका म्हणावं." मी तिला सांगितलं, की हे औषध किडनीला त्रास देतं, म्हणून आधी शरीरात भरपूर पाणी पाहिजे. ते खरंच आहे. त्या बाटलीत आणखी एक गोष्ट होती, ती मला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या नव्याने उमगली. सिसप्लॅटिन मिठाच्या पाण्यात देतात, नुसत्या पाण्यात मिसळून नाही. कारण प्लॅटिनमवरचे दोन क्लोराइड बाटलीतच सुटून चालणार नाही. भोवती भरपूर क्लोराइड असला की ते जागेवर राहतात. रक्तातही क्लोराइड सुमारे १०० मिलिमोलर असतो, तिथेही ते बरेचसे टिकतात. पेशीच्या आत मात्र क्लोराइड खूप कमी. तिथे पोचल्यावर ते सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं, आणि मग प्लॅटिनम डीएनएमधल्या ग्वानीनच्या नायट्रोजनला जाऊन धरतो. शेजारशेजारचे दोन ग्वानीन असे बांधले गेले की डीएनए वाकतो आणि पेशीला दुरुस्ती झेपली नाही तर ती मरते. मी रुथेनियमच्या बाबतीत जो प्रश्न धरून बसले होते, तोच प्रश्न त्या सलाईनच्या बाटलीत कुणीतरी आधीच सोडवून ठेवला होता. सुईसुद्धा अॅल्युमिनियमची चालत नाही. अॅल्युमिनियम प्लॅटिनमला द्रावणातून बाहेर काढतो.

सिसप्लॅटिनचा इतिहास मी तिला जमेल तसा सांगितला होता. मिकेले पेरोने यांनी १८४४ मध्ये हे संयुग बनवलं तेव्हा ते निव्वळ एक पिवळं मीठ होतं. त्याची सपाट चौकोनी रचना आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये तर्काने मांडली. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसते लांबच लांब वाढत गेले. कारण वीज नव्हती. इलेक्ट्रोडमधला प्लॅटिनम द्रावणात उतरून तिथल्या अमोनियाशी आणि क्लोराइडशी जुळला होता. १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. आत्याला त्यातलं जिवाणू लांब होण्याचं फार आवडलं. तिने ते शेजारच्या बाईलाही सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बार्शीला ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी १९८७ पासून चालते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिथल्याच हॉस्पिटलच्या सहभागातून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाची एकदाच एचपीव्ही (या कर्करोगामागच्या विषाणूची) तपासणी केली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यात दिसलं. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मी औषधांच्या रेणूंवर काम करते, पण घरातल्या आणि ओळखीतल्या प्रत्येक बाईला आधी या तपासणीबद्दल सांगते.

बार्शीहून परत आल्यावर मी द्रावणातून वीज किती वाहते ते मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर काढला. पेशींवरच्या प्रयोगासाठी कॉम्प्लेक्स विरघळवायचं ते डीएमएसओ या द्रावकात, अशी सर्रास पद्धत आहे, कारण पाण्यात न विरघळणारं बरंच काही त्यात विरघळतं आणि थोड्या प्रमाणात पेशींना ते सहन होतं. पण डीएमएसओ स्वतःच एक लिगँड आहे. त्याचा गंधक रुथेनियमला आवडतो, प्लॅटिनमला तर फारच. सिसप्लॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवलं तर क्लोराइड जाऊन तिथे डीएमएसओ बसतो आणि औषधाची ताकद जाते. २०१४ मध्ये यावर स्पष्ट इशारा देणारा शोधनिबंध आला, तरी ही सवय अजून पुरती गेलेली नाही.

सर म्हणाले, "तुझ्या संयुगाचं काय होतं ते तूच बघ की." ताज्या द्रावणात मीटरचा सेल बुडवला तेव्हा आकडा कमी होता, म्हणजे द्रावणात आयन फारसे नव्हते आणि क्लोराइड धातूवर होता. मीटर चालूच ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने आकडा वहीत उतरवत गेले. तो हळूहळू चढत होता. उडी नाही, धावपळ नाही, पण खालीही येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो एक धन आणि एक ऋण आयन असलेल्या मिठाला अपेक्षित असलेल्या आकड्यांकडे सरकलेला होता. क्लोराइड सुटला होता. डीएमएसओमध्ये रात्रभर ठेवलेली कुपी पेशींवर घातली असती, तर मी मोजत होते ते संयुग वेगळंच असतं.

मग हीच तपासणी पाण्यात, किंचित मिथेनॉलच्या मदतीने, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर केली. पाण्यात प्रकाशशोषणाचे पट्टे सरकत गेले. त्यात मिठाचं द्रावण रक्ताइतक्या क्लोराइडपर्यंत घातलं, तर पट्टे बरेचसे मूळ जागी परत आले. म्हणजे क्लोराइड जातो आणि येतोही. या एका निरीक्षणासाठी आमच्या विभागातलं जुनं, दिवा तापायला वेळ घेणारं यंत्र पुरलं. महागड्या उपकरणांवाचून संशोधन अडतं हे खरं आहे, पण हा प्रश्न त्यांच्यावाचून अडत नाही.

पेशींचं काम पुण्यातल्या एका लॅबमध्ये. पहाटे स्टेशन गाठून हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, मांडीवर छोटा डबा, त्यात फॉइलमध्ये गुंडाळलेल्या कोरड्या पुडीच्या कुप्या. द्रावण सोबत न्यायचं नाही, तिथे पोचल्यावर ताजं करायचं, हे आता पक्कं ठरलेलं होतं. पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ जातीच्या. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये त्या रात्रभर चिकटू द्यायच्या, मग वाढत्या प्रमाणात कॉम्प्लेक्स, मग ठरलेल्या वेळेनंतर एमटीटी. हे पिवळं द्रावण जिवंत पेशीत जाऊन जांभळे स्फटिक बनवतं. ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचायचं. जांभळा गडद म्हणजे पेशी जोमात, फिका म्हणजे मंदावलेल्या किंवा मेलेल्या. प्लेट हातात घेतली की डावीकडून उजवीकडे जांभळा उतरत जाताना डोळ्यांनाच दिसतो.

पण एमटीटीचं क्षपण होतं ते पेशीतल्या एनएडीएचसारख्या, हायड्राइड देणाऱ्या रेणूंच्या जोरावर. आणि माझं कॉम्प्लेक्स हायड्राइड इकडून तिकडे नेणारं उत्प्रेरक आहे! इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात पीटर सॅडलर यांच्या गटाने २०१५ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं, की रुथेनियमचे ट्रान्स्फर हायड्रोजनेशन करणारे कॉम्प्लेक्स फॉर्मेट या फॉर्मिक अॅसिडच्या मिठाच्या सोबतीने कर्करोगाच्या पेशीतच एनएडीचं एनएडीएच करू शकतात आणि त्याने पेशीचा तोल बिघडतो. माझ्यासाठी त्यात एक आशा आणि एक सावधगिरी होती. आशा अशी, की फ्लास्कमधली क्रिया पेशीतही चालवता येते. सावधगिरी अशी, की जांभळा रंग कमी-जास्त होण्यात पेशींइतकाच माझ्या धातूचाही हात असू शकतो. म्हणून पेशी नसलेल्या खळग्यांत नुसतं कॉम्प्लेक्स आणि एमटीटी घालून वेगळी रांग लावली, आणि पेशी प्रत्यक्ष मोजण्याची दुसरी पद्धतही जोडीला घेतली. सिसप्लॅटिन तुलनेला होतंच, मिठाच्या पाण्यात विरघळवलेलं.

निकाल असा: माझं कॉम्प्लेक्स पेशींची वाढ रोखतं, पण सिसप्लॅटिनइतकी नाही. आयसी५० म्हणजे वाढ निम्मी करणारं प्रमाण. तो आकडा बरा आला की शीर्षकात 'औषध' शब्द लिहायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे, की प्लेटमधल्या एका जातीच्या पेशींवरून तो शब्द वापरू नये. सामान्य पेशींवर काय होतं, रक्तातल्या प्रथिनांनी धातूला वाटेतच धरलं तर काय, किडनीचं काय, हे सगळं पुढेच आहे. एनएएमआय-ए, केपी१०१९ ही रुथेनियमची संयुगं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली, त्यामागे ट्रिएस्टे आणि व्हिएन्नातल्या गटांचं वर्षानुवर्षांचं काम होतं. तरी आजवर रुथेनियमचं एकही संयुग कर्करोगावरचं मंजूर औषध झालेलं नाही. दवाखान्यात शिरेतून काय जातं ते आत्याच्या शेजारी बसून बघितल्यावर मला हे जास्तच नेटाने सांगावंसं वाटतं.

आत्याचे उपचार पूर्ण झाले. ती आता तपासण्यांना जाते आणि येताना आमच्यासाठी बार्शीची चटणी आणते.

सध्या मी क्लोराइडच्या जागी पिरिडीन बसवलेलं कॉम्प्लेक्स करतेय. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड ओढून काढायचा, पांढरा सिल्व्हर क्लोराइड सेलाइट या गाळणपुडीवरून गाळायचा, आणि गाळलेल्या द्रावणात पिरिडीन सोडायचं. नायट्रेटचं मीठ असल्यामुळे ते पाण्यात चांगलं विरघळतं, त्यामुळे डीएमएसओची गरजच राहत नाही. पिरिडीन क्लोराइडपेक्षा सावकाश सुटेल असा अंदाज आहे. एनएमआरच्या कुप्या पाठवल्या आहेत, आणि तोवर पाण्यातले पट्टे रोज सकाळी वाचतेय.